एक आड एक रविवार

रविवारच्या पुरवणीतलं सदर दोघींनी आळीपाळीनं लिहायचं ठरलं, तेव्हा संपादकांची समजूत अशी की आमचे लेख एकमेकींत बेमालूम मिसळून जातील. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, एकाच गावात वाढलेल्या. फरक पडून पडून किती पडणार? आमच्या घरच्यांना विचारलं असतं तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं. मी किराणाच्या यादीतही खाडाखोड करणारी. ती पाहुण्यांना जेवायला बोलावून मग भाजी आणायला निघणारी.

मजकूर बुधवारी द्यायचा असे. माझा सोमवारीच गेलेला. तिचा बुधवारी रात्री, मोबाइलवर टाइप केलेला, पूर्णविरामांचं वावडं असल्यासारखा. एकमेकींच्या लेखावर हात फिरवायची मुभा होती, त्यामुळे व्हायचं असं की तिच्या लेखातला वारा जायचा आणि माझ्यात उगाच उद्गारचिन्हं शिरायची. मग नियम केला: दुसरीच्या वाक्याला हात लावायचा नाही. फार तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं.

नियमाचा कस लागला मिरजेत. सतारमेकर गल्लीवर एकच लेख, दोघींनी मिळून, अशी संपादकांची फर्माईश होती. मी वही घेऊन गेले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून ही कारागिरी पुढं आली, २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, दांडीला तुणीचं लाकूड लागतं, असं सगळं टिपून घेतलं. ही बाई मात्र दुकानात शिरल्या शिरल्या फतकल मारून बसली आणि कारागिराच्या गुडघेदुखीची चौकशी करू लागली. वहीबिही काही नाही.

तो जवारी काढत होता. घोडीच्या माथ्याला अगदी नकळत उतार लागतो. तार कंप पावताना त्या उताराला टेकत-सुटत राहिली की आवाजाला ती गुंजणारी झिलई येते. कानशीचे दोन हात, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवायचा आणि केसभर इकडेतिकडे करत आवाज उघडेपर्यंत शोधत राहायचं. मी हे सगळं क्रमवार लिहिलं. तिनं लिहिलं, की तार छेडताना तो माणूस डावं बोट वर करायचा आणि बोलणाऱ्याला, मग ते गिऱ्हाईक असो की घरचं नातवंड, मधेच गप्प करायचा. मी त्याच्या हाताशी बसले होते आणि ते बोट मला दिसलंच नव्हतं.

पण भोपळे मिरजेतच पिकतात, असं तिनं बेधडक ठोकून दिलं होतं. मी प्रश्नचिन्ह काढलं. लगेच फोन.

‘अगं, वाचणाऱ्याला भोपळ्याच्या सातबाऱ्याशी काय करायचंय?’

‘पिकवणाऱ्याला करायचंय ना.’

ती बराच वेळ बोलली नाही, हे तिच्या बाबतीत नवल. मग मंगळवेढा आलं, तेही तिच्या थाटात: भर उन्हात शेताच्या कडेला लोळत पडलेले, खायच्या कामाचे नसलेले कडू भोपळे. मला हे सुचलं नसतं.

संपादक मात्र ‘सूर एक हवा’ म्हणून अडून बसले. मी त्यांना विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकरांची आठवण करून दिली. तिघं मिळून गावोगावी काव्यवाचन करत. कविता तिघांच्या तीन तऱ्हेच्या, म्हणायची ढबही ज्याची त्याची. सलीम-जावेदचं वेगळं, तिथं कुठला संवाद कुणाचा हे बाहेरच्याला कळायचा मार्ग नव्हता. पटकथेला ते चालतं. आमच्या सदरात मात्र नाव झाकलं तरी ओळख पटावी असा माझा हट्ट होता, आणि पटायचीही. पूर्णविराम मोजले की झालं.

मध्यंतरी एका वाचक बाईंचं पोस्टकार्ड आलं. सदर आवडतं, पण एक आड एक रविवारीच वाचते, असं लिहिलं होतं. कुठला रविवार, ते नव्हतं. मैत्रीण म्हणाली, ‘तुझाच वाचत असणार, शाळेतल्या बाई दिसतायत.’ पत्रातल्या उल्लेखांवरून छडा लागेल म्हणून मी मागचे अंक काढायला उठले. तेवढ्यात तिनं कार्ड पर्समध्ये टाकलं. आता विचारलं की म्हणते, कुठं ठेवलं आठवत नाही.