हर्णैहून दापोलीकडे

वाचकहो, इटलीतील अमाल्फीचा किनारा आणि त्याच्या माथ्यावरील राव्हेलो गाव यांची चित्रे आपण पाहिली असतील. सागर आणि डोंगर यांची तशीच गाठ आपल्या कोकणातही पडते. आम्हां नवा रायपूरच्या रहिवाशांना समुद्र दुर्मीळ. म्हणून हर्णैच्या बंदरावर पाऊल ठेवताच मन हरखून गेले. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. १७५५ साली तो तुळाजी आंग्रे यांच्या हातून गेला. तट मात्र अद्याप लाटा झेलीत उभा आहे.

दक्षिणेस मुरूड. नारळी-पोफळींच्या सावलीतील हे गाव महर्षी कर्वे यांचे. १८७५ साली ते परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. पण वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन करणारे कर्वे ते हेच!

येथून मोटार वळणे घेत दापोलीस चढते. वारा गार होतो. पालगडचे साने गुरुजी शिक्षणासाठी याच दापोलीस राहिले होते.

वाटेत मुलाने विचारले, "बाबा, कर्वे पुन्हा परीक्षेला बसले का?"

"बसले, आणि उत्तीर्णही झाले."

तो बराच वेळ खिडकीतून ती चढण न्याहाळीत राहिला. वाचकहो, आपणही मुलांना घेऊन येथे अवश्य या. मात्र थोडी वाट तरी पायी चढा. या डोंगरांनी माणसे कशी घडविली, ते पायांनाच अधिक कळते.