वेळेचं कर्ज

सोलापुरातल्या आमच्या अभ्यासिकेत कॅटचं नाव काढणारं फारसं कुणी नव्हतं. तिथे तलाठी भरती, एमपीएससी, बँकेच्या परीक्षा यांचा अभ्यास चालायचा. पोलीस भरतीची मुलं पहाटे मैदानावर धावून यायची आणि मग पुस्तकं उघडायची. आयआयएम या व्यवस्थापन संस्था आळीपाळीने कॅट ही देशव्यापी प्रवेश परीक्षा घेतात आणि तिला आपणही बसू शकतो, हे मला ताईंनी सांगितलं. ताई एका सरकारी बँकेत अधिकारी होत्या, कर्ज विभाग सांभाळायच्या. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास त्यांनी याच अभ्यासिकेत केला होता. नोकरी लागल्यावरही बँक सुटली की त्या तिकडे यायच्या आणि ज्याचं अडलंय त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. त्यांच्याविषयी लिहायचं तर त्या परीक्षेविषयीच लिहायला हवं, कारण आमचं नातं जमलं ते तिच्या तीन विभागांवरून.

मी २०१८ च्या कॅटची तयारी करत होते. तेव्हा परीक्षा तीन तासांची आणि १०० प्रश्नांची होती. आधी इंग्रजी वाचन आणि भाषेचे ३४ प्रश्न, मग माहितीचं विश्लेषण आणि तर्क यांचे ३२, शेवटी गणिताचे ३४. प्रत्येक विभागाला बरोबर एक तास. तास संपला की तो विभाग बंद, परत मागे जाता येत नसे. बरोबर उत्तराला तीन गुण. पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक गुण वजा. ताईंनी हे सगळं माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आणि त्याखाली एक ओळ लिहिली : ‘हे शंभर प्रश्न निवडण्यासाठी आहेत.’ त्या ओळीचा पूर्ण अर्थ कळायला मला बरेच महिने लागले.

गणिताची मला भीती नव्हती, पण माझी गती कमी होती. ताईंचे आजोबा यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबनीस होते आणि नातीला त्यांनी आण्यांचा हिशेब शिकवला होता. रुपयाचे सोळा आणे, म्हणून एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के. साडेबारा टक्के म्हणजे दोन आणे, साडेसदतीस म्हणजे सहा, साडेबासष्ट म्हणजे दहा. शेकडेवारी, नफा-तोटा, मिश्रण, काळ-काम यांतले कितीतरी प्रश्न या आण्यांनी कागदावर न उतरताच सुटायचे. पडद्यावर कॅल्क्युलेटर दिलेला असायचा, पण त्याची बटणं माउसने दाबत बसण्यात वेळ जायचा. ताईंनी या विभागाच्या दोन फेऱ्या करायला शिकवलं. पहिल्या फेरीत अंकगणित आणि सोपं बीजगणित उरकायचं, भूमिती आणि लांबलचक समीकरणं दुसरीसाठी ठेवायची. ‘गणित शेवटी येतं गं,’ त्या म्हणायच्या, ‘तोवर डोकं दमलेलं असतं. दमलेल्या डोक्याला आधी ओळखीचं काम दे.’

खरी अडचण इंग्रजीची होती. माझी शाळा मराठी माध्यमाची. कॉलेजात पुस्तकं इंग्रजी असली तरी ती धातू आणि यंत्रांविषयी बोलायची. इथे मात्र मानसशास्त्र, कला, इतिहास, अर्थशास्त्र अशा कोणत्याही विषयावरचा उतारा समोर यायचा. ३४ पैकी २४ प्रश्न अशा उताऱ्यांवर असत. ताईंनी मला शब्दसंग्रहाचं पुस्तक घेऊ दिलं नाही. रोज एक इंग्रजी लेख वाचायचा आणि संध्याकाळी लेखकाचं म्हणणं त्यांना मराठीत, एका वाक्यात सांगायचं, असा नेम त्यांनी घालून दिला. लेख कशाविषयी आहे हे सांगितलं की त्या मान हलवायच्या. ‘विषय नको. त्याचं म्हणणं काय? कुणाशी त्याचं पटत नाही?’ हा प्रश्न मला पुढे आयुष्यभर पुरला.

मराठीत सांगताना सुटका नसते. इंग्रजी वाक्य कळल्यासारखं वाटून पुढे सरकता येतं. तेच आपल्या भाषेत सांगायला गेलं की न कळलेली जागा लगेच उघडी पडते. पर्यायांबाबत ताईंचा दंडक होता की जे जगात खरं आहे पण उताऱ्यात नाही, ते उत्तर नव्हे. उरलेल्यांपैकी बहुतेक प्रश्नांत विस्कटलेल्या वाक्यांचा क्रम लावायचा असे किंवा न जुळणारं वाक्य ओळखायचं असे. तिथे पर्याय नसत आणि चुकलं तर गुणही कापत नसत. त्या जागा कोऱ्या सोडायच्या नाहीत, ही त्यांची ताकीद होती.

तर्काच्या विभागावर मात्र आमच्या सर्वांत जास्त संध्याकाळी गेल्या. आठ संच, प्रत्येकावर चार प्रश्न आणि हाताशी साठ मिनिटं. त्या काळात हा विभाग भल्याभल्यांना घाम फोडायचा. नुसती कोष्टकं आणि आलेख वाचण्याचे दिवस संपले होते. माहिती अर्धवट दिलेली असे आणि उरलेली आपण अटींवरून शोधायची असे. एखाद्या संचात शिरलं, वीस मिनिटं घातली आणि शेवटची अट जुळली नाही, की हाती शून्य. तेव्हा ताईंनी त्यांच्या टेबलावरची गोष्ट सांगितली. ‘समज, आठ जण कर्ज मागायला आलेत. तुझी साठ मिनिटं हे तुझं भांडवल. सगळ्यांना थोडं थोडं वाटलंस तर कुणाचंच काम होणार नाही. आधी आठही अर्ज वाच. परतफेड कोण करेल ते बघ आणि मग चौघांनाच दे, पण पुरेसं दे.’

त्यावरून आमची पद्धत ठरली. पहिली काही मिनिटं पेन्सिल खाली ठेवून आठही संच वाचायचे. किती गोष्टी बदलत्या आहेत, किती अटी पक्क्या आहेत, चित्र किंवा कोष्टक लगेच काढता येतंय का, एवढंच पाहायचं. पक्क्या अटी जास्त असतील तो संच आधी घ्यायचा. घेतलेल्या संचात ठरलेल्या वेळात एकही ठाम निष्कर्ष निघाला नाही, तर उठायचं. हे उठणं सगळ्यांत अवघड होतं. आमच्या घरात अर्धवट सोडणं वाईट मानतात, आणि शाळेत तर सगळे प्रश्न सोडवणारी मुलगी हुशार ठरते. प्रत्येक सराव परीक्षेनंतर ताई माझ्या सोडलेल्या प्रश्नांवर बोट ठेवून विचारायच्या, ‘हा सोडलास तो बरोबर सोडलास का?’ मग घरी तो संच घड्याळाशिवाय सोडवायचा. बराच वेळ लागला तर सोडण्याचा निर्णय योग्य होता. चटकन सुटला, तर संच ओळखण्याची नजर अजून तयार व्हायची होती. गुणांची बेरीज त्या शेवटी बघायच्या, पुष्कळदा बघायच्याच नाहीत.

पर्सेंटाइलचं गणितही त्यांनीच नीट समजावलं. आपल्या मागे किती टक्के परीक्षार्थी आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. म्हणून एखादा विभाग भयंकर निघाला तर तो सगळ्यांनाच भयंकर असतो. तिथे थोडे पण शुद्ध गुण मिळवणारा पुढे जातो. शिवाय एकूण पर्सेंटाइलबरोबर प्रत्येक विभागात किमान पर्सेंटाइलची अट आयआयएम घालतात. गणितात कितीही कमावलं तरी इंग्रजीची तूट त्याने भरून निघत नाही. माझ्या आवडत्या विभागातला वेळ काढून नावडत्याला द्यायला त्यांनी मला यासाठीच लावलं.

२५ नोव्हेंबर २०१८ ला पुण्याच्या केंद्रावर मी पेपर दिला. हत्तींच्या कळपांना बसलेल्या मानसिक आघातावर एक उतारा होता, प्लास्टिकच्या प्रदूषणावर एक. वाचता वाचता मनात मराठी वाक्य तयार होत होतं : लेखकाला दोष कुणाचा वाटतो? तर्काच्या विभागात १६०० उपग्रहांची वर्गवारी होती, चौकटींत अंक भरण्याचा एक संच होता. मी आधी आठही वाचले. शेजारच्या रांगेत माउस भराभर वाजत होते आणि मी नुसती वाचत होते. तेवढा धीर माझ्या एकटीचा नव्हता. पुढे मला प्रवेश मिळाला. मुलाखतीला निघताना ताईंनी माझ्या हातात एक पेन दिलं आणि म्हणाल्या, ‘तिथे माहीत नसेल ते माहीत नाही म्हण. सोडायला शिकलीस ना आता.’

आता नोकरीत मी रोज निर्णय घेते, कुठल्या कामाला किती वेळ आणि कुठलं काम आज बाजूला. त्या प्रत्येक निर्णयाच्या तळाशी ताईंची शिकवण आहे. आणि एक गोष्ट मला वयाबरोबर जास्त जाणवत गेली. दिवसभर बँकेत दमून आलेली ती बाई कुणालाही काही देण्याआधी परतफेड बघायला शिकवायची. माझ्यासाठी खुर्ची ओढताना मात्र तिने असलं काही पाहिलं नव्हतं. ना तारण, ना हमी. माझ्यासारखी मराठी माध्यमातली मुलगी या परीक्षेत कुठवर जाईल, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

ताईंची नंतर दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. सुट्टीत घरी आले की मी अभ्यासिकेत जाऊन बसते. कॅट पुष्कळ बदलली आहे. २०२० पासून परीक्षा दोन तासांची झाली, प्रत्येक विभागाला ४० मिनिटं. २०२४ मध्ये प्रश्न ६८ होते. संच कमी झाले, म्हणजे निवड चुकण्याची मुभाही कमी झाली. आधी सगळे संच वाचा, लेखकाचं म्हणणं मराठीत सांगा, सोडलेला प्रश्न घरी नेऊन तपासा, हे मी मुलांना सांगते. ऐकून कुणी म्हणतं, ‘मॅडम, तुमची पद्धत छान आहे.’ मी लगेच सांगते की ही पद्धत माझी नाही. ती एका बँक अधिकारी ताईंची आहे, आणि त्या याच खोलीत शिकल्या.