आज किती?

बुधवारी दुपारचे चार वाजत आले की आमचे हे पायात चपला अडकवायचे आणि म्हणायचे, "जरा बाजारात जाऊन येतो." दीड तास बाजारात काढण्यासारखं त्यांना काही नसायचं. भाजी मी सांगेन तेवढीच आणायची, आणि तीही बऱ्याचदा विसरून यायचे. पण मिरजेतलं आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सासूबाई टीव्ही लावून बसलेल्या, म्हणजे मला उरायचं स्वयंपाकघर. तिथे मी मोकळेपणी बोलावं म्हणून ते निघून जायचे. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

उजव्या स्तनात गाठ सापडली तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. ऑपरेशन झालं आणि केमो सुरू झाली. आधी तीन-तीन आठवड्यांनी लाल औषधाचे चार डोस, मग दर आठवड्याला एक असे बारा. दोन आठवडे उलटल्यावर उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. ते मी सोसलं. मला सोसवेनात ते भेटायला येणारे. "हल्ली औषधं निघालीत, काही होत नाही," "तू खंबीर आहेस म्हणून निभावतंय," असं म्हणता म्हणता त्यांचेच डोळे भरायचे आणि त्यांची समजूत मी काढायची. एकोणतीस वर्षं वर्गापुढे उभी राहिलेली बाई मी, चेहरा सांभाळायची सवयच. रात्री तीनला जाग आली की मात्र तो चेहरा कुणासाठी सांभाळायचा ते कळायचं नाही.

दुसऱ्या डोसच्या वेळी नर्सने एक कागद हातात दिला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य, वर दहा. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्या आकड्याला गोल करायचा. मी दोनला केला. मग तो खोडून सातला केला. खाडाखोडीबद्दल मी पोरांचे मार्क कापत आले होते. जगभर कॅन्सरच्या रुग्णांना हा कागद देतात, आणि चार किंवा त्याहून वरचा आकडा आला की नीट चौकशी करायची असते, हे मला नंतर कळलं. त्याच दिवशी तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ बाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी रुग्णांच्या एका गटाबद्दल सांगितलं.

गट फोनवर भरायचा. डोसनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, त्या दिवसांत गर्दीत जायचं नाही, एसटीने तर नाहीच. आम्ही आठ जण, बारा बुधवार, दर वेळी दीड तास. नियम पहिल्याच दिवशी सांगितले. कानात हेडफोन हवा, खोलीत दुसरं कुणी नको, रेकॉर्डिंग नाही. कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल, पण आहोत एवढं सांगायचं. घरातल्या एकाचा नंबर बाईंकडे द्यायचा, कुणाला मध्येच फार त्रास झाला तर उपयोगी पडावा म्हणून. आणि इथली नावं बाहेर न्यायची नाहीत. म्हणून इथे मी सगळ्यांना गावांनीच ओळखते.

डाळीच्या डब्याला फोन टेकवून मी बसायचे. पहिल्या दिवशी कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि आठही जणांनी मागे वळून आपापल्या गॅसकडे पाहिलं. पुरुषांनीसुद्धा. तिथेच आमची ओळख झाली म्हणायची. दुसऱ्या बुधवारी लातूरच्या ताई म्हणाल्या, "लई उकडतंय बाई," आणि त्यांनी डोक्याचा स्कार्फ काढून बाजूला ठेवला. मीही काढला. तोवर मी आरशासमोरही तो काढत नव्हते.

चिपळूणच्या दादांची जीभ ऑपरेशनमध्ये बरीचशी काढली होती. बोललेलं कळायचं नाही. ते टाइप करायचे आणि नाशिकची कॉलेजातली मुलगी ते वाचून दाखवायची. समोरासमोरच्या गटात दादा बहुधा कोपऱ्यात गप्प बसले असते. इथे त्यांच्या ओळीची सगळे वाट बघायचे. एकदा त्यांनी लिहिलं, "घरचे माझ्यासोबत जेवत नाहीत. त्यांना बघवत नाही." कुणीही "काळजी करू नका" म्हणालं नाही. बाईंनी विचारलं, "अजून कोण एकटं जेवतं?" तीन हात वर झाले. त्यातला एक माझा. मला उलट्या व्हायच्या म्हणून मी सगळ्यांचं झाल्यावर ताट घ्यायचे. लातूरच्या ताईंनी दादांना विचारलं, "आज जेवलात का?" पुढच्या बुधवारी दादा पेजेची वाटी घेऊनच बसले. आम्ही कुणी चहा, कुणी ताक घेतलं. त्या दिवशी कामाचं असं काही बोलणं झालं नाही.

ताईंचा आजार यकृतात पसरलेला होता. त्यांनीच एकदा सरळ विचारलं, "एवढं बोलून आयुष्य वाढतं का हो?" बाईंनी टाळलं नाही. अमेरिकेत डेव्हिड स्पीगल यांनी आजार पसरलेल्या 86 स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, दर आठवड्याला गटात बसणाऱ्या बायका जवळपास दुप्पट काळ जगल्याचं दिसलं होतं. 1989 साली तो छापून आला आणि गाजला. पण 2001 साली कॅनडातून 235 स्त्रियांचा अभ्यास आला, त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि दुखणं मात्र कमी झालं होतं, ज्यांना आधी जास्त त्रास होता त्यांचं अधिक. ताई म्हणाल्या, "मग ठीक आहे. दुखणं तरी कमी होतंय ना." खोटी आशा न दाखवता कुणी आमच्याशी बोललं, याचंच मला बरं वाटलं.

नवव्या बुधवारी सातच चौकोन होते. ताईंच्या घरच्यांना विचारून बाईंनी सांगितलं. दादांनी टाइप केलं, नाशिकच्या मुलीला वाचवेना, म्हणून मी वाचलं: "जेवलात का असं मला त्यांनीच पहिल्यांदा विचारलं." उरलेला वेळ आम्ही ताईंबद्दलच बोललो. शेवटी नेहमीप्रमाणे बाईंनी प्रत्येकाला आकडा विचारला. माझा आठ होता.

फोनवरच्या गटाची एक गोष्ट मला तेव्हा फार बोचली. बटण दाबलं की सगळे एकदम नाहीसे होतात. स्टँडपर्यंत सोबत चालायला कुणी नसतं. समोर डाळीचा डबा, आणि कुकर लावायचा राहिलेला.

तेवढ्यात हे आले, हातात कोथिंबिरीची जुडी. माझ्याकडे बघून दारातच थांबले. एरवी ते "बरी आहेस ना?" विचारायचे आणि मी "हो" म्हणायचे. त्या दिवशी मी त्यांना तो शून्य ते दहाचा हिशेब समजावून सांगितला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस, मीटरची भाषा त्यांना लगेच कळली.

"मग आज किती?"

"आठ. आणि तुमचा?"

त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. जुडी ओट्यावर ठेवत ते म्हणाले, "नऊ."

"कधीपासून?"

"गाठ सापडली तेव्हापासून."

आम्ही बराच वेळ कोथिंबीर निवडत बसलो. कुकर उशिरा लागला, सासूबाई कुरकुरल्या.

पुढच्या बुधवारी चार वाजता त्यांनी चपला घातल्या, पण बाजाराचं नाव घेतलं नाही. म्हणाले, "देवळामागच्या कट्ट्यावर बसतो. संपलं की फोन कर."