गोरखीची शाळा आणि चाकांच्या साखळ्या

बेळगावहून ग्वाल्हेरला जायला गाडी बदलावी लागत नाही. गोवा एक्स्प्रेस मिरज, पुणे, भोपाळ, झाशी करीत थेट पोहोचवते. तिथल्या महाराज बाड्याला लागून गोरखी आहे, शिंद्यांचा जुना वाडा. 1810 च्या सुमारास दौलतरावांची छावणी इथे पडली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. देवघर अजून गोरखीतच आहे. दसऱ्याला शिंदे घराण्यातले वडीलधारे मराठी पगडी घालून तिथे पूजेला येतात.

माझ्या मावसबहिणीचे सासर लष्करातले. घरात मराठीच बोलतात, पण तिसरा शब्द हिंदी. आपल्या घरात कानडी येते तसाच.

याच गोरखीतल्या शाळेत अटलबिहारी वाजपेयी लहानपणी शिकले. वडील कृष्णबिहारी शिक्षक होते. पुढे पंतप्रधान झाल्यावर लाहौलचे जुने मित्र ताशी दावा यांनी त्यांच्यापाशी रोहतांगखालून बोगद्याची मागणी केली. 2000 साली निर्णय झाला, 3 ऑक्टोबर 2020 ला बोगदा खुला झाला. लांबी 9.02 किलोमीटर, उंची दहा हजार फुटांवर, नाव अटल बोगदा. गोरखीच्या विद्यार्थ्याचा बोगदा बघायचा, असे ताईच्या सासूबाईंनी मनात घेतले. वय चौऱ्याहत्तर, आणि महिना डिसेंबरचा!

मनालीच्या पुढे रात्री बर्फ पडले होते. पोलिसांनी अडवले : चारही चाके ओढणारी गाडी हवी, नाहीतर साखळ्या बांधा. भावजींची गाडी साधी, पुढची चाके ओढणारी. म्हणून साखळ्या पुढच्याच दोन चाकांना. एका स्थानिक पोराने त्या आधी जमिनीवर पसरून गुंता काढला, टायरवरून टाकल्या, आतली कडी अडकवली, मग बाहेरची ओढून घेतली. थोडे पुढे जाऊन थांबायला लावले आणि पुन्हा कसल्या. हे दुसऱ्यांदा कसणे महत्त्वाचे, कारण चाक फिरल्यावर साखळी ढिली पडते. सुटली तर तीच चाकाजवळच्या भागांवर आपटते.

गाडी खडखडत निघाली. वेग तीसच्या आतच. साखळी म्हणजे ब्रेक नव्हे हे आमच्या मंडळींना पटवून द्यावे लागले. मागच्या चाकांना काहीच नसते, उतारावर जोरात ब्रेक मारला की गाडीची शेपूट बाजूला सरकते. पांढऱ्या बर्फापेक्षा डांबरावरचा काचेसारखा थर अधिक वाईट, तो दिसतच नाही. मी मागून सारखी ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होते. हा शब्द आपल्याकडे मराठीत चालतो, कानडीतही चालतो. सासूबाईंना मात्र ‘धीरे’च लागते.

बोगद्याच्या तोंडाजवळ रस्ता साफ होता, तिथे साखळ्या काढल्या. कोरड्या रस्त्यावर त्या टायरही खातात आणि रस्ताही.

पलीकडे सिस्सूला चहा घेतला. चहावालीने सांगितले, पूर्वी हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागे, आणि हवा बिघडली की तेही येत नसे. तिच्या वडिलांनी अशी पाच दिवस वाट पाहिली होती. पुढे काय झाले ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

सासूबाईंना अजून थांबायचे होते. पण ऊन कलले की वितळलेले पाणी पुन्हा गोठते, म्हणून तीनच्या आत परत फिरलो. पलीकडे येताच भावजी खाली उतरले आणि या वेळी साखळ्या त्यांनी स्वतः बांधल्या. दोनदा कसून.