खर्च कोणाच्या नावावर लिहायचा?

मँचेस्टर युनायटेडच्या कोणत्या मॅनेजरनं किती पैसे उधळले, यावर आमच्या घरात जून-जुलैमध्ये हमखास वाद होतो. तिकडे खेळाडूंच्या खरेदीचा हंगाम आणि इकडे नातवाच्या जिभेला धार! त्याची रीत सोपी आहे. मॅनेजरचं नाव, पुढे खर्च, त्यापुढे चषक, की झाला हिशोब. मी जन्मात फुटबॉल खेळलेलो नाही, पण उभी हयात शाळेत निकालपत्रकं भरली आहेत. त्यामुळे असे रकाने दिसले की माझ्यातला मास्तर जागा होतो.

पहिली अडचण पैशाचीच. फर्ग्युसनसाहेबांनी १९९२ साली कँटोनाला लीड्सकडून सुमारे १२ लाख पौंडांत आणलं. सोन्यासारखी खरेदी, वाद नाही. पण १९९६ साली न्यूकॅसलनं शिअररला दीड कोटीला घेतलं तेव्हा तो जगातला विक्रम होता, आणि २०१६ साली युनायटेडनं पोग्बाला जवळजवळ ८ कोटी ९० लाखांना घेतलं तोही विक्रमच. वीस वर्षांत भाव सहापट! मग १९९२चा पौंड २०१६च्या पौंडाशेजारी ठेवून तुलना कशी करायची? त्यात गंमत अशी की हाच पोग्बा फर्ग्युसन असताना, २०१२ साली, करार संपवून इटलीला निघून गेला होता आणि क्लबच्या हाती जवळपास काहीच लागलं नव्हतं. खर्च मात्र मोरिन्योच्या नावावर.

आता डेव्हिड मॉयेसचं घ्या. माझा जीव या माणसासाठी तुटतो. फर्ग्युसन २०१३ साली ११ गुणांच्या आघाडीनं लीग जिंकून निवृत्त झाले. त्या यशात मोठा वाटा रॉबिन व्हान पर्सीच्या २६ गोलांचा, आणि तो घेतला तेव्हाच २९ वर्षांचा होता. गिग्ज ३९ वर्षांचा, फर्डिनंड ३४चा, स्कोल्स निवृत्त. घर झगमगत होतं, पण वासे जुने झाले होते. मॉयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत घरी पाठवलं. नातवाच्या वहीत त्याच्यापुढे दोन मोठ्या खरेद्या आहेत. फेलाइनी २ कोटी ७५ लाख, माता ३ कोटी ७१ लाख. चषक शून्य. (कम्युनिटी शील्ड तो धरत नाही.)

पण मे २०१६ मधला एफए कपचा अंतिम सामना आठवा. युनायटेड क्रिस्टल पॅलेसविरुद्ध एका गोलनं मागे. रूनीनं मुसंडी मारून चेंडू आत टाकला, फेलाइनीनं तो छातीवर घेऊन खाली सोडला आणि मातानं गोल केला. जादा वेळेत लिंगार्डनं सामना जिंकून दिला. बरोबरीच्या गोलात मॉयेसनं आणलेले दोघंही, आणि चषक लागला लुई व्हान गालच्या नावावर. त्यालाही दोन दिवसांत काढलं, ते वेगळंच!

आमच्या शाळेत एका सहकाऱ्यांकडे दहावीचा वर्ग जानेवारीत दिला होता. आधीचे शिक्षक निवृत्त झालेले, गणिताचा पाया कच्चा. निकाल लागला तो यांच्या नावावर, आणि वेतनवाढ अडली तीही यांचीच. नववीत त्या मुलांना कोणी शिकवलं होतं, हे कोणी विचारलंच नाही. गृहस्थ पुढे कधी दहावीला शिकवायला तयार झाले नाहीत.

कमी खर्च म्हणजे काटकसर, हेही मला पटत नाही. २००५ साली ग्लेझर कुटुंबानं सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब ताब्यात घेतला, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर आला. २००९ साली रोनाल्डोला ८ कोटींना विकलं. त्या उन्हाळ्यात आले ते सुमारे दीड कोटीचा व्हॅलेन्सिया आणि फुकटात मिळालेला मायकेल ओवेन. विक्रीतून खरेदी वजा केली की कागदावर फर्ग्युसन काटकसरीचे पुतळे दिसतात. फर्ग्युसन मोठेच, पण कर्जाचं व्याज भरणाऱ्या घरातली काटकसर आणि हौसेची काटकसर एक नव्हे. आणि व्हेरॉनला २ कोटी ८१ लाखांना घेऊन दोन वर्षांत जवळपास निम्म्या भावात विकणारेही तेच!

म्हणून सगळ्यांनाच माफी, असंही माझं म्हणणं नाही. २०२२ साली आठ कोटींहून जास्त देऊन अँटनीला आणलं. एरिक टेन हागनं त्याला आयॅक्समध्ये स्वतः खेळवलं होतं. त्याला तो आतून-बाहेरून ठाऊक होता आणि तोच हवा होता. २०२५ साली बेटिसनं त्याला कितीतरी कमी पैशांत नेलं. हा तोटा मॅनेजरच्या नावावर लिहायला माझी हरकत नाही. फक्त एवढी रक्कम देण्यावर सही करणारे वरचे लोक दुसरे होते, आणि त्यांच्यासाठी नातवाच्या वहीत रकानाच नाही.