बानोच्या घरी गुड्डू

मुलांनो, माझ्या वर्गातली मुले मला दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारतात, "टीचर, मांजर ती की ते?" मी सांगते, दोन्ही चालते. 'ते मांजर' म्हणा, नाहीतर 'ती मांजर' म्हणा. नर असेल तर मात्र 'तो बोका', आणि मादीच आहे असे ठासून सांगायचे असेल तर 'ती भाटी'. आज मी तुम्हांला एका भाटीची आणि एका छोट्या बोक्याची हकीकत सांगणार आहे. भाटीचे नाव बानो, बोक्याचे नाव गुड्डू. दोघेही आमच्याच घरी राहतात. पण एका घरात राहू लागण्याआधी त्यांचे पंचवीस दिवस गेले. ही हकीकत त्या पंचवीस दिवसांची आहे.

आमचे घर छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, क्रांती चौकाजवळ आहे. चौकातून पैठण गेटकडे निघाले की आत एक अरुंद गल्ली लागते, तिथे. क्रांती चौक तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. जालना रस्त्यावरचा उड्डाणपूल, छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १८५७ च्या उठावातल्या शिपायांच्या बलिदानाची आठवण देणारा काळा चबुतरा, आणि रात्री उशिरापर्यंत न थांबणारी वाहने. अशा गर्दीत एका चहाच्या टपरीमागे, पुठ्ठ्याच्या खोक्यात गुड्डू राहत होता. वय असेल तीन महिन्यांचे. टपरीवाले चाचा मला म्हणाले, "मॅडम, याची दोन भावंडे गाडीखाली गेली. एवढा एकच उरला. तुम्ही याला घेऊन जा."

माझी दहा वर्षांची लेक माझ्याबरोबर होती. खोके तिने आधीच उचलले होते!

आता घरची गोष्ट ऐका. बानो सात वर्षांची आहे. ती तशी सगळ्या घराची, पण खरी माझ्या सासूबाईंची. आम्ही त्यांना अम्मी म्हणतो. अब्बा वारले त्या वर्षी बानो घरात आली आणि तेव्हापासून ती अम्मींच्या खाटेवर पायथ्याशी झोपते. अम्मींना गुड्डूची दया आली. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हातही फिरवला. पण माझ्याकडे पाहून त्या स्पष्ट म्हणाल्या, "बहू, बानोने खाना छोडा तो ये बच्चा वापस जाएगा." वापस म्हणजे कुठे, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होते. वापस म्हणजे क्रांती चौकात.

शेजारच्या काकूंनी सोपा उपाय सांगितला. "अहो मॅडम, दोघांना एका खोलीत कोंडा. दोन दिवस भांडतील आणि मग गप्प बसतील." पुष्कळ घरांत असेच करतात. काकूंचा स्वभाव प्रेमळ आहे आणि आमच्यावर त्यांची माया आहे, पण हा उपाय मला मुळीच पटला नाही. मांजर गप्प बसले म्हणजे त्याचे भांडण मिटले असे नव्हे. घाबरलेले मांजरही कपाटामागे गप्पच बसते.

असे का, ते समजून घेऊ या. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. ते टोळीने राहतात, टोळीने शिकार करतात, म्हणून नवा सोबती स्वीकारणे कुत्र्याला बहुधा सोपे जाते. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातली रानमांजरे. ती एकेकटी शिकार करतात. एक उंदीर म्हणजे एकाचेच जेवण, त्यात वाटणी कशी होणार? म्हणून आपला इलाखा राखणे हाच त्यांच्या जगण्याचा आधार. मांजराच्या कुळातला सिंह तेवढा कळपाने राहतो. वाघाचे पाहा. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ स्वतःचा इलाखा शोधायला निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा माग ठेवता आला. सुमारे १३०० किलोमीटर चालून तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२१ साली टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ थेट आमच्या जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो ओळखू आला. दुसऱ्याच्या इलाख्यात नांदण्यापेक्षा शेकडो किलोमीटर चालणे ज्यांना बरे वाटते, त्यांची ही धाकटी नातलग आमच्या दोन खोल्यांना आपले जंगल समजते. त्या जंगलात आम्ही एक परका बोका आणून सोडणार होतो.

पहिल्याच दिवशी गुड्डूला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी त्याला जंताचे औषध दिले, लसी कधी टोचायच्या ते लिहून दिले आणि बजावले, "दोन आठवडे दोघांना एकमेकांजवळ आणू नका. रस्त्यावरच्या पिल्लाच्या पोटात काय रोग आहे, ते आज दिसत नाही." मांजरांमध्ये पॅनल्युकोपेनिया नावाचा एक भयंकर विषाणूजन्य रोग असतो. जुलाब-उलट्यांनी पिल्ले पाहता पाहता दगावतात. बानोला लस टोचलेली होती, तरी सावध राहिलेले बरे. शिवाय बानोलाही नव्या पाहुण्याच्या वासाची सवय व्हायला वेळ हवाच होता.

आमच्या मागच्या खोलीला दोन दारे आहेत, एक लाकडी आणि एक डासांसाठी बसवलेले जाळीचे. गुड्डूचा मुक्काम तिथे पडला. त्याचे पाणी वेगळे, ताटली वेगळी, आणि शी-शूसाठी वाळूचे घमेलेही वेगळे. घमेल्यांचा एक नियम लक्षात ठेवा. जितकी मांजरे, त्याहून एक घमेले जास्त. आमच्याकडे दोन मांजरे, म्हणून तीन घमेली. माझे पती म्हणाले, "घरात बांधकाम चालू आहे असे लोकांना वाटेल."

मांजर डोळ्यांआधी नाकाने ओळख करून घेते. त्याच्या गालांवर, कपाळावर आणि पंजांच्या तळव्यांत वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. मांजर तुमच्या पायाला गाल घासते, तेव्हा ते नुसते लाड करत नसते. 'हा माणूस आमचा' असा शिक्का ते मारत असते! म्हणून आम्ही ओळख करून दिली ती मोज्यांच्या मदतीने. लेकीचा एक जुना मोजा गुड्डूच्या गालांवर हलकेच फिरवला आणि बानोच्या खोलीत ठेवला. दुसरा बानोच्या गालांवर फिरवून गुड्डूकडे ठेवला. गुड्डू त्या मोज्यावर चक्क झोपला. बानो मात्र मोज्यावर फिसकारली. शेपटी फुगवून दोन पावले मागे सरली आणि कपाटावर चढून बसली. पाचव्या दिवशी तिने तो मोजा तोंड अर्धवट उघडून, मान वर करून हुंगला. मांजराच्या टाळूपाशी वास तपासणारे एक खास इंद्रिय असते. त्यासाठी ते असा चेहरा करते. आठव्या दिवशी ती मोज्याशेजारून चालत गेली आणि तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मला ही फार मोठी बातमी वाटली. शाळेत कोणाला सांगावी हे कळेना, म्हणून चौथीच्या वर्गाला सांगितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग बंद लाकडी दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवू लागलो. इकडे बानो जेवते, तिकडे गुड्डू. पलीकडून वास येतो, पण त्याचबरोबर पोटही भरते. नव्या वासाची आणि जेवणाची अशी सांगड मनात बसावी, हा हेतू.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी लाकडी दार उघडले. मध्ये जाळी राहिली. दोघांनी एकमेकांना प्रथमच पाहिले. गुड्डू आनंदाने जाळीवर चढला. बानोचे कान मागे पडले, तिने खोल आवाजात गुरगुर केली आणि अम्मींच्या खाटेखाली जाऊन बसली. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी जेवली नाही. दुपारी मी शाळेतून आले, तेव्हा अम्मी जमिनीवर बसून तिच्यापुढे उकडलेल्या कोंबडीचे तुकडे धरत होत्या आणि ती तोंड फिरवत होती.

मांजराने खाणे सोडणे ही साधी रुसवाफुगवी नसते, मुलांनो. काही दिवस ते उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि मांजर दगावूही शकते. अम्मींना यातले शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांना भीती बरोबर वाटत होती. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. लेक जाळीपाशी गुड्डूला मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारले, "मम्मी, चाचांचे खोके अजून असेल का तिथे?"

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "एक पायरी मागे या. रात्रीपर्यंत नाही जेवली, तर सकाळी घेऊन या." आम्ही लाकडी दार पुन्हा बंद केले. बानोची ताटली दारापासून उचलून पार पुढच्या खोलीत, खाटेजवळ नेली. टीव्ही बंद केला. सगळे आपापल्या कामाला लागल्यासारखे वागलो, कारण चार माणसे टक लावून पाहत असताना कोणते मांजर जेवेल? रात्री अकराला खाटेखालून चपचप आवाज आला. अम्मींनी तोंडावर बोट ठेवून आम्हांला गप्प केले.

त्यानंतर ताटली रोज एक-एक हात दाराकडे सरकवत नेली. घाई कोणालाच नव्हती, एका गुड्डूखेरीज. जूनमध्ये वर्गात नवा मुलगा येतो, तेव्हा त्यालाही अशीच घाई असते. पहिल्याच दिवशी सगळ्यांशी दोस्ती हवी असते. आणि जुनी मुले त्याच्या दप्तराकडे नुसती पाहत राहतात.

मराठीत म्हण आहे, मांजर डोळे मिटून दूध पिते. आपली लबाडी कोणी पाहत नाही असे समजणाऱ्याला ती लावतात. (दुधाचे निघाले म्हणून सांगते, पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. त्यांना पाणी द्यावे.) पण डोळे मिटण्याचा दुसरा अर्थही आहे. समोरच्याकडे पाहत मांजर हळूहळू डोळे मिचकावते, ते विश्वासाने. २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्स्मथ विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिले की, माणसाने असे सावकाश डोळे मिचकावले तर मांजरही तसेच उत्तर देते. तुम्हीही करून पाहा. बाविसाव्या दिवशी बानो जाळीपासून चार हातांवर बसली, गुड्डूकडे पाहिले आणि तिने डोळे अर्धे मिटले. लेक ओरडणारच होती. मी तिचे तोंड दाबले.

पंचविसाव्या दिवशी जाळी उघडली. हाताशी एक मोठा पुठ्ठा ठेवला होता. मांजरे खरोखर भांडू लागली तर मध्ये हात घालू नये, पुठ्ठा सरकवावा. आधी लेकीने दोरीला बांधलेल्या पिसामागे गुड्डूला पळवून दमवले. मग तो बानोजवळ गेला. अगदी जवळ. बानोने त्याच्या डोक्यावर एक चापट मारली, पण नखे आत ठेवून. गुड्डू जागच्या जागी लोळला. ती उठली, त्याच्या मानेचा वास घेतला, आणि जणू काही झालेच नाही अशी जाऊन पायथ्याशी झोपली. पुठ्ठा भिंतीलाच टेकलेला राहिला.

त्यांची गळ्यात गळे घालणारी दोस्ती झाली असे मी म्हणणार नाही. बानो अजूनही त्याला कपाटावर चढू देत नाही. जेवताना दोन ताटल्यांत अंतर लागतेच. पण परवा अम्मींनी आपल्या जुन्या शालीचे दोन तुकडे केले. एक खाटेच्या पायथ्याशी, एक उशाशी. पायथा बानोचा. उशाशी गुड्डू झोपतो आणि पहाटे त्यांच्या कानाशी घुर्र घुर्र करतो. अम्मी तक्रार करतात की, या पोरामुळे फज्रच्या अजानआधीच जाग येते.