खुंट काय सांगतात?

मित्रांनो, जंगल का तुटतं? 'लोक झाडं तोडतात म्हणून!' असं तुम्ही पटकन म्हणाल. मीही एकदा असंच पटकन उत्तर दिलं होतं आणि माझी चांगलीच फजिती झाली. ऐका तर ती गोष्ट!

कॉलेज संपल्यावर जंगलाचा अभ्यास शिकायला मी कोकणातल्या एका गावी गेलो. आम्ही सहाजण आणि शिकवायला सर. रानात काठी रोवायची, तिच्याभोवती तीन वर्तुळं आखायची. १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात गवत नि इवली रोपं बघायची, ३ मीटरच्या वर्तुळात लहान झाडं आणि १० मीटरच्या वर्तुळात मोठी झाडं मोजायची. खोडाचं माप घ्यायचं ते जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण आपल्या छातीपाशी. ऐन, किंजळ, जांभूळ... लिहून लिहून हात दुखायचे!

ही पद्धत १९९२ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात सुरू झालेल्या एका अभ्यासातली. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषी त्याच्या प्रमुख होत्या. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. झाडं मोजायचीच, पण रान वापरणाऱ्या माणसांशीही बोलायचं, हे या पद्धतीचं वैशिष्ट्य बरं का!

आणि नेमकं तेच मी विसरलो. वाटेत डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका दिसल्या. 'तोडीचे कारण' या रकान्यात मी लिहून टाकलं, 'बायका सरपणासाठी झाडे तोडतात.'

सरांनी विचारलं, "त्यांना विचारलंस?"

"नाही, सर."

"मग जा आणि विचार."

त्यांच्यातल्या एक काकी हसल्या. म्हणाल्या, "अरे बाळा, ओलं लाकूड चुलीत नुसतं धुमसतं. आम्ही वाळकं वेचतो. तो खुंट बघ. आमच्या कोयत्यानं असा कापला जाईल का?"

मी वाकून पाहिलं. हातभर रुंद खुंट, करवतीनं सपाट कापलेला! ते रान मालकीचं होतं. मालक मुंबईला. घरात आजारपण आलं, पैशांची नड लागली, म्हणून त्यानं उभी झाडं कोळशासाठी व्यापाऱ्याला विकली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं वाक्य तसंच पुढे गेलं असतं, तर काय झालं असतं? बायकांना रान बंद झालं असतं आणि करवत दुसरीकडे चालूच राहिली असती! सकाळी मी पान फाडायला निघालो, तर सर म्हणाले, "फाडू नकोस. चुकलेल्या ओळीवर रेघ मार आणि खाली खरं लिही. चूक दिसू दे."

ती वही अजून माझ्याकडे आहे. आणि हो, त्या खुंटाला धुमारेही फुटले होते. तेही मी लिहून ठेवलंय.

तुमच्या गावात एखादं झाड तुटलं, तर आधी खुंट नीट पाहा. मग माणसांना विचारा. आणि त्यानंतरच कारण लिहा. कराल ना एवढं?